कॅन्सर संशोधनासाठी सरकारी निधी: नागरिकांच्या पाठपुराव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सर संशोधनावर सरकारने जास्त खर्च करावा असं म्हणणारे पुष्कळ असतात. ते सरकारला जाऊन सांगणारे थोडे. खालचे प्रश्न त्या थोड्यांना पडलेले आहेत, आणि आपणही त्यांच्यात सामील व्हावं का, या विचारात असलेल्यांनी विचारलेले आहेत. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक अडतात तिथे जास्त लिहिलं आहे.

संशोधन तर औषध कंपन्या करतातच. मग सरकारने पैसा का घालायचा?

कंपन्या करतात, आणि पुष्कळदा उत्तम करतात. पण ज्या प्रश्नाच्या उत्तरातून विकण्याजोगं काही निघणार नाही, तो प्रश्न कंपनी सहसा हाती घेत नाही. तिथे भागधारकांचा पैसा असतो, त्यामुळे तिला दोष देण्यातही अर्थ नाही. अडचण अशी आहे की रुग्णाच्या दृष्टीने कळीचे असलेले कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात.

निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या, औषधाचं उदाहरण घ्या. औषध गुणकारी, पण इतकं महाग की बहुसंख्य रुग्णांना त्याचं नाव ऐकून गप्प बसावं लागतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: डोकं आणि मानेच्या भागातला कॅन्सर बळावलेल्या रुग्णांना हेच औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर? एका वेळच्या नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी २० मिलिग्रॅम, आणि जोडीला तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसती तोंडाने घ्यायची औषधं मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते. सोबत कमी मात्रेतलं निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. आपलं औषध बाराव्या हिश्श्यात भागतं का, हे तपासायला कोणती कंपनी आपणहून पैसे काढून देईल?

दुसरं उदाहरण त्याहून साधं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात तेच हे औषध. भारतातल्या ११ केंद्रांमध्ये सुमारे १६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. चाचणी चालली ती केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या पैशावर. लिडोकेनचं पेटंट केव्हाच संपलं आहे, त्यावर कोणाला काही कमवायचं उरलेलं नाही. त्यामुळे सरकारने पैसा दिला नसता, तर हा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नसता.

आणि सिगारेट? फुप्फुसाच्या कॅन्सरशी धूम्रपानाचा संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ब्रिटनमध्ये दाखवून दिला, तो मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या आधाराने. त्या एका शोधाने जितके जीव वाचले असतील तितके क्वचितच एखाद्या औषधाने वाचवले असतील, आणि त्यात विकण्यासारखं काहीही नव्हतं.

पण इतका पैसा घालून हाती काय लागतं? वर्षानुवर्षं नुसतं "संशोधन चालू आहे" असंच ऐकतो.

वेळ लागतो, हे खरं आहे. किती लागतो आणि का लागतो, ते एका औषधाच्या गोष्टीतून नीट कळतं.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आणि डहाळ्या गोळा केल्या. या झाडाला तेव्हा काही किंमत नव्हती; इमारती लाकडासाठी जंगल तोडताना ते कचरा म्हणून जाळून टाकत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने कृषी खात्याच्या मदतीने एक योजना हाती घेतली होती: हजारो वनस्पतींचे अर्क काढायचे आणि त्यांतला एखादा कॅन्सरच्या पेशींना मारतो का ते बघायचं. बहुतेक अर्क निरुपयोगी निघाले. या सालीचा निघाला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मनरो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी सालीतलं नेमकं द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तरी ते बराच काळ पडून राहिलं, कारण ते पाण्यात विरघळत नव्हतं आणि ढीगभर सालीतून चिमूटभर मिळत होतं. १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं की हे द्रव्य पेशी ज्या सूक्ष्मनलिकांच्या आधाराने दुभंगते त्याच जखडून टाकतं. अशा तऱ्हेने काम करणारं औषध तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. मग पुन्हा हालचाल सुरू झाली. डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. हेच पॅक्लिटॅक्सेल. आज स्तन, अंडाशय, फुप्फुस अशा कितीतरी कॅन्सरच्या केमोथेरपीत ते असतं.

सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं. तेवढ्या काळात अमेरिकेत सात राष्ट्राध्यक्ष झाले. संशोधनाचा निधी एका सरकारच्या मर्जीवर अवलंबून असू नये असं आम्ही का म्हणतो, ते यावरून लक्षात यावं.

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरची वाट अशीच लांबलचक आहे. १९४७ मध्ये बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन हे औषध दिलं. काही मुलं काही महिने बरी झाली, मग आजार उलटला. तोवर एवढंही कोणाला साधलं नव्हतं. त्यानंतर अनेक रुग्णालयांनी मिळून, सरकारी निधीवर, एकामागून एक चाचण्या केल्या; प्रत्येक चाचणीतून थोडंसंच हाती लागत गेलं. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये बरा होतो. कोणत्याही एका वर्षी "काय साधलं?" असं विचारलं असतं, तर सांगण्यासारखं फार थोडं असतं.

साध्या माणसांनी पत्रं लिहून खरंच काही होतं का?

झालेलं आहे. अमेरिकेतली दोन उदाहरणं सांगण्याजोगी आहेत, कारण तिथे काय घडलं याची नीट नोंद आहे.

पहिलं १९७१ चं. कॅन्सर संशोधनाला सरकारी पैसा मिळावा, या एका गोष्टीच्या मागे मेरी लास्कर या समाजकार्यकर्त्या पंचवीस-तीस वर्षं होत्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या आणि डॉक्टरही नव्हत्या. डिसेंबर १९६९ मध्ये त्यांच्या गटाने मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाच साद घातली. कॅन्सर संशोधनाचा निधी वाढवणारं विधेयक आलं, पण अडखळू लागलं. एप्रिल १९७१ मध्ये ॲन लँडर्स या नावाने सल्ल्याचं सदर चालवणाऱ्या लेखिकेने वाचकांना सांगितलं की आपापल्या सिनेटरला पत्र लिहा. लाखो पत्रं गेली. पत्रांचा निपटारा करता करता सिनेटरांच्या कार्यालयांची दमछाक झाली. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही झाली. "कॅन्सरविरुद्ध युद्ध" म्हणतात ते इथून सुरू झालं.

दुसरं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १९९१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या स्त्रियांच्या संघटनांनी एकत्र येऊन राष्ट्रीय आघाडी उभारली. "जास्त पैसे द्या" एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी शास्त्रज्ञांना बोलावून सुनावणी घेतली, कोणतं काम पैशाअभावी अडलं आहे ते विचारलं, त्यावरून आकडा काढला आणि तो आकडा घेऊन त्या संसदेत गेल्या. अंदाजपत्रकातल्या आरोग्याच्या हिश्शात जागा नाही असं उत्तर मिळालं. संरक्षणाच्या हिश्शातला पैसा दुसऱ्या खात्याला देता येणार नाही असा नियमही आडवा आला. तेव्हा पैसा संरक्षण खात्यातच ठेवून तिथेच संशोधनाचा कार्यक्रम काढावा, असा मार्ग निघाला. १९९३ च्या आर्थिक वर्षासाठी २१ कोटी डॉलर मंजूर झाले, तेही सैन्याच्या अंदाजपत्रकातून. त्या कार्यक्रमात पुढे संशोधन प्रस्ताव निवडणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी कॅन्सरमधून गेलेल्या व्यक्तींनाही मतदानाच्या हक्कासकट बसवण्यात आलं.

दार बंद दिसलं की लोक परत फिरतात. त्या फिरल्या नाहीत, शेजारचं दार कोणतं ते त्यांनी विचारलं.

१९७१ पासून "कॅन्सरविरुद्ध युद्ध" चालू आहे, आणि कॅन्सर आहे तिथेच आहे. मग लोकांनी विश्वास का ठेवावा?

या प्रश्नात तथ्य आहे आणि तो टाळू नये. तेव्हा बोलताना फार मोठ्या आशा लावल्या गेल्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होतील, तोवर कॅन्सर जिंकू, अशी भाषा गंभीर माणसांच्या तोंडी होती. कॅन्सर म्हणजे शेकडो वेगवेगळे आजार आहेत हे तेव्हा पुरतं उमगलेलं नव्हतं. ते उमगलं त्याच निधीतून झालेल्या मूलभूत संशोधनामुळे.

त्यामुळे पाठपुरावा करणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे: अमुक वर्षांत कॅन्सर संपवू, असं कोणालाही सांगू नका. खासदाराला नको, देणगीदाराला नको आणि रुग्णाला तर नकोच. खोटी मुदत दिली की ती उलटल्यावर पुढच्या माणसाचं खरंही कोणी ऐकत नाही.

रुग्णांना आज साधे उपचार मिळत नाहीत. आधी ते द्या, संशोधन नंतर.

हा आक्षेप बहुतेकदा चांगल्या मनाची माणसं घेतात, म्हणून उत्तर सबुरीने द्यावं. उपचार मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण स्वस्त उपचार कुठून येतात? वर सांगितलेली कमी मात्रेची चाचणी बघा. ज्या समाजाकडे पैसा कमी आहे त्याला अशा संशोधनाची गरज जास्त आहे, कारण श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी श्रीमंत देशांतल्या रुग्णांसाठी आखलेले उपचार त्याला पेलणारे नसतात.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांना सामावून घेणारा एक अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासायच्या. हे म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने दिला होता. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी का केली नाही, यावर पुढे टीका झाली आणि ती टीका रास्त चर्चेचा विषय आहे. पण स्वस्त तपासणीने जीव वाचतात, हे कळायलाही संशोधनच लागलं.

आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. आम्ही काय बोलणार?

तुम्हाला जे माहीत आहे ते बोला. निदान व्हायला किती महिने गेले, कोणत्या टप्प्यावर डॉक्टर म्हणाले की यापुढे द्यायला काही नाही, चाचणीत भाग घ्यायला दुसऱ्या शहरात जावं लागलं आणि जमलं नाही. शास्त्रज्ञाला हे सांगता येत नाही. शिवाय शास्त्रज्ञ निधी मागतो तेव्हा तो स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी मागतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं. तुमच्याबद्दल तसं कोणी म्हणू शकत नाही.

एखादा आकडा विचारला आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर "शोधून चार दिवसांत कळवते" असं सांगा, आणि खरोखर कळवा. त्या निमित्ताने दुसऱ्यांदा संपर्क होतो, आणि ओळख दुसऱ्या संपर्कातच पक्की होते.

कोणाला भेटायचं, आणि केव्हा?

आपल्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीपासून सुरुवात करा. तुम्ही त्यांचे मतदार आहात, ही तुमची सगळ्यात मोठी ताकद. त्यानंतर आरोग्य, विज्ञान आणि अर्थ या विषयांच्या संसदीय समित्यांचे सदस्य. मंत्र्यांची भेट मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी बाकीचं काम अडवून ठेवू नका.

स्वीय सहायकाला कमी लेखू नका. अनुभव असा आहे की निवेदन नीट वाचतो तो सहायक. साहेबांपुढे कोणता कागद ठेवायचा, सभागृहात विचारण्याजोगा प्रश्न कोणत्या कागदात आहे, हे तोच ठरवतो. त्याचं नाव लक्षात ठेवा आणि त्याला आदराने वागवा. साहेब बदलतात, मुरलेला सहायक बरेचदा दुसऱ्या साहेबांकडे सापडतो.

वेळेबद्दल बोलायचं तर बहुतेक लोक इथेच चुकतात. अर्थसंकल्प सादर झाला की वर्तमानपत्रांत आकडे येतात आणि मग आपण जागे होतो. तोवर आकडे गोठलेले असतात. खात्यांच्या मागण्या अर्थ मंत्रालयाकडे कित्येक महिने आधी जातात. आपल्या देशात हे वेळापत्रक कसं आहे ते एकदा नीट समजून घ्या आणि निवेदन त्या आधी पोचवा. उशीर झालाच, तर पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये खाती जादा पैसा मागतात ती, वेळ असते. तीही गेली, तर पुढच्या वर्षासाठी पहिले तुम्ही पोचा.

नेमकं मागायचं काय?

"कॅन्सर संशोधनाकडे लक्ष द्यावं" ही मागणी नव्हे. तिला कोणीही आनंदाने होकार देईल आणि काहीही करणार नाही. मागणीत रक्कम हवी, वर्ष हवं आणि ज्या संस्थेला किंवा योजनेला पैसा द्यायचा तिचं नाव हवं.

रक्कम ठरवताना मोहात पडू नका. एकदम दुप्पट करा, असं म्हणायला फार बरं वाटतं. १९९८ ते २००३ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा निधी खरोखरच दुप्पट झाला, सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्जांवर. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसं घेतली, तरुण संशोधक मोठ्या संख्येने आले. मग निधी जिथल्या तिथे थांबला आणि महागाईने तो दर वर्षी कुरतडत नेला. अर्ज वाढलेले आणि पैसा तेवढाच. २०१३ पर्यंत मंजूर होणाऱ्या अर्जांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आलं. सहातले पाच प्रस्ताव नामंजूर. त्यांतले कितीतरी चांगले होते, आणि ते लिहिणारी कितीतरी तरुण माणसं संशोधन सोडून गेली. म्हणून महागाईपेक्षा थोडी जास्त वाढ, दर वर्षी, न चुकता, अशी मागणी आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मोठ्या एकरकमी पॅकेजची बातमी मोठी होते, पण ते संपल्यावर प्रयोगशाळा उघड्यावर पडते.

आणखी एक मागणी बहुतेकांना सुचत नाही: कॅन्सर नोंदणी. कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर किती होतो, हे नोंदवणारी यंत्रणा. हे काम रटाळ आहे, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून काटछाट करताना पहिली कात्री तिलाच लागते. नोंदणी नसेल तर बाकीचं संशोधन अंधारात चालतं.

पत्र कसं लिहावं? एखादा नमुना द्याल का?

एक पान. त्यापेक्षा मोठं पत्र वाचलं जात नाही. छापील मजकुरावर शेकडो सह्या घेण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांतली मोजकी पत्रं बरी. खालचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका; किती लिहायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच त्यातून घ्या.

"माननीय खासदार महोदया,
सविनय नमस्कार. मी आपल्या मतदारसंघात राहते. माझी आई दोन वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. निदान झालं तेव्हा आजार पसरलेला होता. हा कॅन्सर लवकर ओळखता येईल अशी भरवशाची तपासणी आजही उपलब्ध नाही, आणि ती संशोधनाशिवाय मिळणार नाही.
येत्या अर्थसंकल्पात (संस्थेचं नाव) या संस्थेच्या कॅन्सर संशोधनासाठीची तरतूद (रक्कम) इतकी करावी, आणि पुढची पाच वर्षं ती महागाईच्या दरापेक्षा कमी वाढू नये, अशी माझी विनंती आहे. आपण या संदर्भात आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहावं आणि सभागृहात प्रश्न विचारावा.
आपण काय करू शकाल ते कृपया कळवावं. मी पुढच्या महिन्यात आपल्या कार्यालयात येऊन भेटेन.
आपली विश्वासू,"

खाली नाव, पत्ता, फोन. पत्ता विसरू नका, मतदार असल्याचा पुरावा तोच. आणि "भेटेन" लिहिलंत तर जा.

भेटीत दहा मिनिटंच मिळतात. त्यात काय साधणार?

पुष्कळ. फार तर तिघं-चौघं जा आणि कोण काय बोलणार ते आधी ठरवा. एकाने स्वतःची हकीकत सांगावी, दोन मिनिटांत. दुसऱ्याने मागणी सांगावी, आकड्यासह. तिसऱ्याने काही न बोलता लिहून घ्यावं: काय कबूल केलं, कोणत्या मुद्द्यावर भुवया उंचावल्या, सहायकाला काय सांगितलं. बाहेर पडल्यावर प्रत्येकाच्या आठवणीत भेट वेगळी असते, म्हणून हा तिसरा माणूस महत्त्वाचा.

हकीकत सांगताना रडू आलं तर येऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मागणी सांगायची राहून गेली असं होऊ देऊ नका. समोरची व्यक्ती सहानुभूती दाखवते, पाणी देते, खांद्यावर हात ठेवते, आणि वेळ संपते. उठण्याआधी एक थेट प्रश्न विचाराच: "आपण यासाठी पत्र द्याल का?" हो, नाही किंवा बघतो, जे उत्तर मिळेल ते लिहून घ्या.

घोषणा झाली. आता आपलं काम संपलं ना?

इथे सगळ्यात जास्त जपायला हवं. ब्रिटनच्या माजी मंत्री टेसा जॉवेल यांना मेंदूचा कॅन्सर झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्स या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात भाषण केलं आणि सभागृह उभं राहिलं. मे महिन्यात त्या गेल्या. सरकारने मेंदूच्या कॅन्सरच्या संशोधनासाठीचा निधी दुप्पट करून ४ कोटी पौंड जाहीर केला. पाच वर्षांनंतर संसद सदस्यांच्या गटाने चौकशी केली, तेव्हा दिसलं की त्यातला बराच मोठा भाग संशोधकांपर्यंत पोचलेलाच नव्हता. पैसा होता, पण त्या विषयात काम करणारे संशोधक थोडे, आणि निधी मिळवण्याची वाट त्यांना सोयीची नव्हती. माणसं तयार करण्यासाठी वेगळी सोय करायला हवी होती.

दुसरा प्रकार कायद्याचा. गॅब्रिएला मिलर ही अमेरिकेतली दहा वर्षांची मुलगी मेंदूच्या कॅन्सरने ऑक्टोबर २०१३ मध्ये गेली. आजारपणातही ती मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी बोलत राहिली. एप्रिल २०१४ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला: राजकीय पक्षांच्या अधिवेशनांना मिळणारा सरकारी पैसा बंद करून दहा वर्षांत १२.६ कोटी डॉलर मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाला. मला हा फार सुंदर कायदा वाटतो. पण कायद्याने नुसती मुभा मिळाली. प्रत्यक्ष रक्कम दर वर्षी अंदाजपत्रकात नव्याने मंजूर करून घ्यावी लागली, आणि त्यासाठी लोकांना दर वर्षी जावं लागलं.

म्हणून एक वही ठेवा. जाहीर किती, अंदाजपत्रकात किती, सुधारित अंदाजात किती, प्रत्यक्ष खर्च किती. चौथ्या रकान्यातला आकडा मिळवायला सभागृहात प्रश्न विचारायला लावा, माहितीच्या अधिकाराचा कायदा असेल तर अर्ज करा. पहिल्या आणि चौथ्या रकान्यातला फरक हाच तुमच्या पुढच्या पत्राचा विषय.

आमच्या घरातला कॅन्सर दुर्मीळ आहे. आम्ही मोजकीच कुटुंबं. आमचं कोण ऐकणार?

एकटं जाऊ नका. दुर्मीळ कॅन्सर एकेकटे छोटे, पण एकत्र केले तर एकूण रुग्णांतला मोठा हिस्सा होतो. त्या सगळ्यांची समाईक मागणी असू शकते: गाठींमधून काढलेल्या ऊतींच्या नमुन्यांची पेढी, वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी मिळून करायच्या चाचण्या, मुलांसाठी राखीव निधी. शिवाय दुर्मीळ आजारातला शोध सगळ्यांच्या कामी येतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर तसा कमी आढळणारा. त्यातलं विचित्र गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं, जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये त्याचा उलगडा केला आणि २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आलं. बिघडलेल्या एका प्रथिनावर नेम धरता येतो, हे त्या औषधाने सिद्ध केल्यावर इतर कॅन्सरांसाठी तशा औषधांची रांग लागली.

सरकारी पैशातून शोध लागला आणि कंपनीने तो महाग विकला तर?

राग येणं साहजिक आहे. पॅक्लिटॅक्सेलचंच बघा. सरकारी संशोधनावर उभं असलेलं हे औषध बाजारात आणणाऱ्या कंपनीने २००२ पर्यंत सुमारे ९ अब्ज डॉलरची विक्री केली. सरकारी संस्थेला रॉयल्टी मिळाली साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास. कंपनीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन आणि चाचण्या केल्या, हेही खरं. पण सौदा असा व्हायला नको होता.

याचा अर्थ निधीच मागू नये, असा होत नाही. निधी मागतानाच अटीही मागाव्यात: निष्कर्ष सगळ्यांना वाचायला खुले, किमतीबद्दल करारात कलम, आणि करार जनतेला पाहायला उपलब्ध. शोध लागल्यावर हे मागायला गेलात, तर उशीर झालेला असतो.

औषध कंपनीने आमच्या गटाला देणगी देऊ केली आहे. घ्यावी का?

आमचं मत: घेऊ नये. घ्यायचीच झाली, तर उघडपणे जाहीर करा आणि मागण्या ठरवताना त्या कंपनीला खोलीत बसवू नका. तुमच्या शब्दाला वजन आहे ते तुमचा काही फायदा नाही म्हणून. ते एकदा गेलं की परत मिळवणं अवघड.

कोणत्या पक्षाकडे जावं?

सगळ्यांकडे. व्यासपीठावर कोणाचाही झेंडा नको.

रुग्णाची हकीकत सांगताना काय काळजी घ्यावी?

आधी विचारा. रुग्ण हयात असेल तर त्यालाच, नसेल तर जवळच्यांना. फोटो, रुग्णालयाचं नाव, उपचारांचे तपशील, काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनी ठरवावं. आज दिलेली परवानगी उद्या मागे घेतली तर ती मान्य करा, का म्हणून विचारू नका. लहान मुलांच्या बाबतीत जास्तच जपा. मूल बरं होऊन मोठं होतं आणि त्याचे आजारपणातले फोटो तोवर सगळीकडे फिरत असतात.

माझ्या घरी आत्ता रुग्ण आहे. या धडपडीचा तिला उपयोग होईल का?

आज मागितलेल्या निधीतून निघालेलं औषध तिच्यापर्यंत वेळेत पोचेल, असं सांगता येत नाही. काही वेळा असं होतं की निधीमुळे एखादी चाचणी जवळच्या रुग्णालयात सुरू होते आणि रुग्णाला तीत भाग घेता येतो. त्यावर भरवसा ठेवून मात्र यात उतरू नका. आज तिला मिळणारी औषधं कोणीतरी तीस वर्षांपूर्वी मागितलेल्या पैशातून आलेली आहेत, आणि ते मागणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती मिळाली नाहीत.

मी स्वतः उपचार घेत आहे. इच्छा आहे, ताकद नाही.

मग केमोच्या आठवड्यात काहीही करू नका. बरं वाटेल त्या दिवशी तुमची हकीकत फोनवर बोलून ठेवा, गटातलं कोणीतरी ती उतरवून तुम्हाला वाचून दाखवेल. पटली तर सही करा. भेटीला दुसरे जातील. काय बोलणं झालं ते तुम्हाला त्याच दिवशी कळवायचं, हे जाणाऱ्यांनी आधीच कबूल करावं.